तबूचा राग आणि परीची अट

दोष सगळा नहेम्या आजोबांचा. सात वर्षांच्या तबूला त्यांनी भरल्या पंगतीतून उठवलं, आणि तेही प्रीतिभोजनाच्या पंगतीतून.

तबूच्या ख्रिस्ती मंडळीत रीत होती. घरोघरी रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला त्यांचा भात सगळ्यांनी मिळून खायचा; तेच प्रीतिभोजन. यंदा तबूची आई तापाने अंथरुणाला खिळली होती. चूलच पेटली नाही, मग मूठ कुठून निघणार? मंडळीचे पंच असलेल्या नहेम्या आजोबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, ज्या घरची मूठ नाही त्या घरचं पान नाही. बाकीची मोठी माणसं ताटात बघत बसली. प्रीतीवर सकाळीच केवढी गाणी म्हटली होती त्यांनी.

तबू देवळामागच्या बागेत पळाली. तिथे मोगऱ्याच्या शुभ्र शुभ्र कळ्यांमध्ये एक इवलुशी परी बसली होती. पंख डाळिंबाच्या फुलासारखे लालचुटूक, पावलांना सोनेरी परागांची चमचम.

"माग, बाळा," परी म्हणाली. "पण अट आहे. जे मागशील ते आधी तुला दुखावणाऱ्याला मिळेल, मग तुला. आणि त्याच्यासाठी मनापासून मागितलं नाहीस, तर कुणालाच नाही."

तबूने आ वासला. "त्यांना? आधी?"

"हो."

"ही कसली गं अट? तू चांगली परी आहेस ना?"

"प्रेम देवाचं आहे, सोन्या. मी नुसती वाढपी. त्याच्या पंगतीत कुणाला उठवत नाहीत, नहेम्यालासुद्धा नाही."

तबू हुंदके देत म्हणाली, की तिला आजोबांचा फार राग येतो. परीने चिमुकल्या बोटाने तिचा गाल पुसला. राग असू दे, म्हणाली, तरी त्यांचं भलं मागता येतं का बघ.

तबूला आईचा तापलेला हात आठवला. मग आजोबांचा सुजलेला गुडघा आठवला. प्रार्थनेला टेकताना ते कसे कळवळायचे! तिने डोळे मिटले.

"देवबाप्पा, नहेम्या आजोबांचं दुखणं जाऊ दे. खरंच जाऊ दे. मग माझ्या आईचं."

मागे काहीतरी दाणकन पडलं. तबूला दटावून घरी पाठवायला आलेले आजोबा तिथेच उभे होते. काठी जमिनीवर, गुडघा सरळ, चेहरा पांढराफटक. पोरीने आधी कुणाचं नाव घेतलं, ते त्यांनी कानांनी ऐकलं होतं.

"माझं नाव का घेतलंस गं?" त्यांनी विचारलं. तबूने त्यांची काठी उचलून दिली. परी हसली, केशरी-रुपेरी उजेड झाली आणि मोगऱ्यात विरघळली.

फाटकातून तबूची आई आपल्या पायांनी चालत येत होती. आजोबांनी दोघींना पंगतीत नेऊन बसवलं, स्वतः वाढलं, आणि आपण काय केलं ते मंडळीच्या पाळकसाहेबांपुढे उभं राहून सांगितलं.

लेकराला पंगतीतून उठवलं म्हणून मंडळीने त्यांचं पंचपद काढून घेतलं. ते त्यांना पुन्हा मिळालं नाही.