सातवं नाव

एका शहरात एक डॉक्टर राहत होते, आणि त्यांच्या दाराची बेल आठवडेच्या आठवडे वाजत नसे. नाव मुकुंद नेर्लेकर. लग्न केलं नव्हतं, भावंडं आपापल्या संसारात. पेशंट तपासणं त्यांनी कधीच सोडलं होतं. ते शोधनिबंध लिहीत आणि ते मोठमोठ्या वैद्यकीय मासिकांत छापून येत. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्यांच्या निबंधाचा उल्लेख केला, की त्यांचा आकडा एकाने वाढायचा. हा आकडा कॉम्प्युटरवर सगळ्या जगाला दिसतो म्हणे. डॉक्टर सकाळी दात घासायच्या आधी तो बघत.

शिक्षण त्यांचं दम्याचं. पण निबंध बघाल तर हृदयावर, त्वचेवर, डोळ्यांवर, हाडांवर, किडनीवरसुद्धा. एकूण दोनशे एक्याण्णव! आता एकटा माणूस इतकं कसं करेल? तर त्यांच्यात एक रीत होती. मित्राने निबंध लिहिला की यादीत यांचं नाव घालायचं, यांनी लिहिला की मित्राचं. कुणाचं काही जात नव्हतं, सगळ्यांचे आकडे वाढत होते. तीनशे झाले की डॉक्टरांचा सत्कारही ठरला होता.

समोरच्या कुसुमवहिनी कधीमधी वाटीत काहीतरी घेऊन जायच्या. त्या घरात तेवढीच माणसाची चाहूल.

"वहिनी, पाच हजारांवर गेला आकडा," डॉक्टर दारातच सांगायचे.

"अगं बाई! पाच हजार माणसं ओळखतात तुम्हाला?"

"ओळखत नाहीत हो. उल्लेख करतात."

"मग त्यातल्या एखाद्याला चहाला तरी बोलवा की!"

डॉक्टर हसले, आणि वाटी घेऊन त्यांनी दार लावून घेतलं.

एका दुपारी फोन वाजला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. त्यांना फोन येतातच किती!

"सर, मी डॉक्टर रेश्मा तडवी. तालुक्याच्या दवाखान्यातून बोलतेय. सहा वर्षांची मुलगी आहे, किडनीचा आजार. तुमच्या निबंधात औषधाचं प्रमाण मजकुरात एक दिलंय आणि तक्त्यात त्याच्या चौपट. कुठलं देऊ? तुमच्या नावाच्या वरच्या सहा जणांना फोन केले, कुणी उचलला नाही. तुम्हीच पहिले."

डॉक्टरांनी निबंध उघडला. सात नावं होती, सातवं यांचं. आत काय लिहिलंय ते डॉक्टर जन्मात पहिल्यांदा बघत होते. तक्ता मोठा नीटनेटका होता. 'तक्त्यातलं द्या' हे शब्द अगदी ओठांवर आले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं. नाही म्हटलं की ही बाई फोन ठेवणार, आणि पुन्हा घर गप्प होणार.

"डॉक्टर, ऐका," ते म्हणाले. "हा निबंध मी लिहिलेला नाही. वाचलेलाही नाही. नुसतं नाव आहे माझं. दोन्ही आकडे वापरू नका."

"मग नाव कशाला घातलंत?" रेश्मा तडवी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "मला दहा मिनिटं द्या."

त्यांनी चार ठिकाणी विचारून लहान मुलांच्या किडनीचे खरोखरचे उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळवला, आणि रेश्मालाही त्याच फोनवर घेतलं. बाईंनी मुलीचं वजन विचारलं आणि नेमकं प्रमाण सांगितलं. वर म्हणाल्या, "तक्त्यातलं मोठ्या माणसांचं आहे. ते दिलं असतं तर पोर हाती लागली नसती."

चौथ्या दिवशी मुलगी उठून बसली.

डॉक्टरांनी मूळ निबंध लिहिणाऱ्या मित्राला, शरद ओगल्यांना, फोन केला.

"अरे, छापताना चुकलं असेल. करू दुरुस्ती. त्यात काय एवढं?"

"शरद, मी नाव काढून घेतोय. जिथे जिथे माझं काम नाही, तिथून सगळीकडून."

"वेड लागलंय का तुला? सत्काराचं सोड, उद्या तुझं नाव तरी कोण घेईल?"

"नाही घेतलं तर नाही घेतलं," डॉक्टर म्हणाले.

आणि खरंच कुणी घेतलं नाही. सत्कार रद्द झाला. मित्रांनी उल्लेख करणं सोडलं, दिवाळीचे निरोपही थांबले. फोन टेबलावर नुसता पडून असायचा.

एकदा वहिनी डोकावल्या, तर डॉक्टर पत्रांच्या ढिगात बसलेले.

"एवढं काय लिहिताय?"

डॉक्टरांनी एक पत्र पुढे केलं. नाव काढायचं तर प्रत्येक मासिकाला कारण कळवावं लागे. दोनशे सत्त्याहत्तर पत्रं, आणि सगळ्यांत कारण एकच लिहिलं होतं: 'हे काम झालं तेव्हा मी तिथे नव्हतो.'

वहिनींनी वाचलं. एरवी त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली आणि काही न विचारता बसून राहिल्या.

तात्पर्य: ज्या कामाला आपला हात लागला नाही, त्यावर आपलं नावही लागू देऊ नये, त्या नावाच्या भरवशावर कुणीतरी लेकराला औषध देत असतं. आणि 'मला माहीत नाही' म्हणताना एकटं पडावं लागलं, तरी ते वेळेवर म्हणावं.