खराड्यांच्या विहिरीवरचं टॅकल

शके अठराशे एकवीसचा वैशाख, अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस. आसरेवाडीत संकटाला "टॅकल!" अशी हाक मारतात, ती त्या दिवसापासून, असे सांगतात.

शब्द साहेबाचा. तेव्हा गावाजवळ साहेबाचा पूल बांधला जात होता. त्यावरचा मिस्त्री सांगे, मूळचा तो विलायतेच्या उत्तरेकडच्या खलाशांचा. गलबतावरच्या दोरांना आणि कप्प्यांना ते तसं म्हणत. पुढे ओझं उचलायच्या दोर-कप्प्यांना, मासेमारीच्या सामानालाही तेच नाव पडलं. वाडीत अर्थ एकच: हातातलं टाका आणि धावा.

येल्लाप्पा वडार आपली माणसं घेऊन पुलाचे दगड चढवायला आला होता. पाटलाने वडार म्हणून त्यांच्या तळाला गावची विहीर नाकारली. भिवबा खराडे म्हणाला, "माझी मोट हाय की. भरा घागरी." येल्लाप्पा मानी. उपकाराचं ते पाणी त्याच्या घशात अडकायचं.

त्या सकाळी भिवबा आपल्या विहिरीत उतरून झरा मोकळा करत होता. पहार बसली, झरा उसळला आणि धोंडा सुटून पायावर आला. पाणी कमरेला लागलं!

येल्लाप्पा पुलावरचं टॅकल खांद्यावर टाकून धावला. वडारांनी मोटेच्या लाकडाला कप्प्या बांधल्या. तो स्वतः खाली उतरला, धोंड्याला साखळी आवळली आणि ओरडला, "ओढा!"

वर गावाने मोटेचे बैल जोडले. ढिला दोर ताणण्यातच बैलांची निम्मी धाव, मोट ओढायची ती उतरण, संपली. धोंडा वीतभर उचलला. पण धाव सरताच बैल मोटेच्या सवयीने मागे आले आणि धोंडा पुन्हा पायावर बसला. भिवबा किंचाळला. पाणी छातीला.

"बैल सोडा! मोट न्हाई ही! माणसं लावा!" येल्लाप्पा खालून ओरडला.

"वडाराच्या दोराला हात कोण लावणार?" पाटील म्हणाला.

भिवबाची बायको सरूबाई पुढे झाली. "माझा धनी बुडतोय, पाटील. तुम्ही आपलं सोवळं सांभाळा!" तिने दोर धरला. मग न्हावी, कुंभार, पाटलीणबाई. शेवटी खुद्द पाटील.

"टॅकल!" वडार ओरडले. "टॅकल!" गाव ओरडलं. दर हाकेला दोर हातभर यायचा, धोंडा चार बोटं वर. पाणी हनुवटीला टेकलं तेव्हा येल्लाप्पाने बुडी मारली आणि पाय ओढून काढला. वर एकच आरोळी उठली! म्हणे, ती पलीकडच्या गावात ऐकू गेली.

आजही हाक आली की वाडी दोराला धावते. टॅकलला बैल कुणी जोडत नाही, आणि शेजारी कुणाचा हात आहे ते कुणी बघत नाही.

त्या दिवशी भिवबाला काठावर निजवलं. त्याने येल्लाप्पाचं मनगट धरलं. "गड्या, हे मी फेडू कसं?"

येल्लाप्पा दोर गुंडाळत होता.

"तुमचं पाणी प्यालो होतो, अण्णा. फिटलं."