म्हादबाच्या उपरण्याच्या गाठी

एका गावात एक भोळा पत्रावळीवाला होता. नाव म्हादबा. 'भोळा' हा शब्द त्याच्या आईचा. गावात त्याच्यासाठी दुसरा शब्द होता. देवाने त्याला डोकं दिलं होतं, पण पागोटं ठेवण्यापलीकडे त्याने त्याचा कधी उपयोग केला नाही. बसून पत्रावळी लावायचा, बसून खायचा, बसल्या जागी घोरायचा. पोट मांडीला येऊन टेकलं होतं. गालात तंबाखूचा बार सदा भरलेला. तो बोलायला लागला की समोरचा माणूस आधी मागे सरायचा, मग ऐकायचा.

त्याची बायको गिरजा. सोमवार धरणारी, संकष्टी करणारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी. नवऱ्याला अक्कल यावी असं तिने देवाकडे कधी मागितलं नाही. देवाला तरी किती अडचणीत आणायचं? नवरा जगावा, एवढंच ती मागायची.

एकदा काय झालं, म्हादबाला साधं वरणही तोंडात झोंबायला लागलं. गिरजा त्याला तात्या वैद्यांकडे घेऊन गेली. तात्यांनी त्याला उन्हात उभा केला, तोंड उघडायला लावलं आणि आत नीट बघितलं.

"गालाच्या आत पांढरं धरलंय," ते गिरजेला म्हणाले. "अजून हातात आहे. तंबाखू सुटली तर बरं होईल. नाही सुटली तर हे तोंड मिटेल ते उघडायचं नाही. पुढचं मी बोलत नाही."

मग म्हादबाकडे वळून म्हणाले, "हे बघ, एकवेळ जेवायचं, रोज चालायला जायचं, आणि तंबाखू सोडायची. कळलं?"

"कळलं," म्हादबा म्हणाला.

त्याला कळलं म्हटल्यावर गिरजेला देवच आठवला. ती तशीच महादेवाच्या देवळात गेली आणि पिंडीसमोर बोलली, "यांची तंबाखू सुटेपर्यंत मी पायात वहाण घालणार नाही." भावाने दिलेल्या नव्या वहाणा होत्या. तिने त्या पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या. चैत्राचे दिवस. अंगण तव्यासारखं तापलेलं. पण गिरजेला वाटलं, असे कितीसे दिवस लागणार?

बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हादबा जेवायला बसला. भाकरी झाली, भात झाला, पुन्हा भाकरी झाली. दुपार झाली तरी उठेना. गिरजेने पीठ संपल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "शेजारून आण." दिवेलागणीला सुद्धा हा पाटावरच.

"अहो, उठा की आता!"

"उठू कसा? उठलो तर हे जेवण संपेल. मग रात्री भूक लागली की दुसरं होईल. तात्यांनी एकवेळच जेवायला सांगितलंय."

गिरजेने कपाळाला हात लावला. "अहो, असं करतात होय?"

"मग कसं करतात?"

"थोडी भूक बाकी असतानाच पानावरून उठायचं. पोट तट्ट होईपर्यंत बसायचं नाही."

"बरं," म्हादबा म्हणाला, आणि उपरण्याला एक गाठ मारली. शहाणपण विसरू नये म्हणून तो गाठ मारायचा. गाठ तेवढी पक्की बसायची.

पुढे पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. पत्रावळी म्हादबाच्या, म्हणून त्याला पहिल्याच पंगतीत बसवलं, तेही खुद्द व्याह्यांच्या शेजारी. व्याही फार नेमाचे. वरण-भात झाला, भाजी झाली, आणि बुंदीचे लाडू घेऊन वाढपी निघाले. म्हादबाने पोटाला हात लावून पाहिला. थोडी भूक बाकी होती. तो ताडकन उठला.

व्याह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "पंगतीतून एक उठला की पंगत उठली. आमच्याकडे हाच नेम आहे." आणि तेही उठले. व्याही उठले म्हटल्यावर वऱ्हाड उठलं. वऱ्हाड उठलं म्हटल्यावर गाव कसं बसणार? सगळे अर्धपोटी हात धुवायला. लाडू आल्या पावली माघारी गेले.

पाटलांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "म्हादबा, लेका, लाडू आवडत नाहीत का तुला?"

"आवडतात की."

"मग सगळ्यात जास्त काय आवडतं ते तरी सांग बाबा, ते आणतो, पण बस!"

"तंबाखू," म्हादबा म्हणाला, आणि भर मांडवात चंची सोडून तळहातावर मळायला लागला.

बायकांच्या पंगतीत खसखस पिकली. "गिरजे, तुझा नंबर लाडवानंतर का गं?" एक जण म्हणाली. गिरजेची मान जी खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही.

"अहो, असं करतात होय?"

"मग कसं करतात?"

"चारचौघांत कुणी विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडतं, तर तंबाखूचं नाव काढायचं नाही. बायको म्हणायचं. शोभतं ते."

"बरं." दुसरी गाठ.

जेवणाचं हे असं झालं. राहिलं चालणं. गिरजेने एके दिवशी पहाटे उठवून त्याला वाटेला लावला. "जा, चालून या." म्हादबा चालायला लागला. न्याहारीची वेळ टळली, जेवणाची टळली, हा नाही. गिरजेने दोन माणसं पाठवली. त्यांना तो तिसऱ्या गावच्या शिवेवर दगडावर बसलेला सापडला. पाय सुजलेले, तोंडात बार.

"परत का आला नाहीत?" गिरजेने विचारलं.

"चालायला जा म्हणालीस. यायचं तात्यांनीही सांगितलं नव्हतं."

"अहो, असं करतात होय?"

"मग कसं करतात?"

"जसे गेलात तसे परत यायचं. घरून निघालात, घरी यायचं."

"बरं." तिसरी गाठ.

त्या सुमारास म्हादबाची आत्या मुक्कामाला आली होती. पाहुणी म्हणून आली, पण पाय रोवून बसली. रोज सकाळी उठून गिरजेच्या आमटीला नाव ठेवी आणि तीच आमटी वाटी चाटून संपवी. शेवटी एकदाची जायला तयार झाली. गिरजेला वाटलं, दोन्ही कामं साधतील. ती नवऱ्याला म्हणाली, "आत्याबाईंना त्यांच्या गावी पोचवून या. तेवढंच चालणं होईल."

म्हादबा आत्याला घेऊन गेला. तिच्या दारापर्यंत नेली, उंबऱ्याला हात लावू दिला, आणि मनगट धरून मागे फिरवली. संध्याकाळी दोघं अंगणात हजर. आत्याच्या तोंडाचा पट्टा वेशीपासून ऐकू येत होता.

"अहो, ह्यांना कशाला परत आणलंत?"

"जसे गेलो तसे आलो. दोघं गेलो, दोघं आलो."

आत्या पुढे महिनाभर राहिली. आता तर तिचे पाय दुखत होते.

"अहो, असं करतात होय?" गिरजेचा आवाज रडवेला झाला.

"मग कसं करतात?"

"जे ठेवून यायचं ते ठेवून यायचं! मागे वळून बघायचं नाही, आणि पुन्हा घरात घ्यायचं नाही!"

"बरं," म्हादबा म्हणाला, आणि चौथी गाठ मारली. ही त्याने जरा ओढूनच मारली, कारण गिरजा मोठ्याने बोलली होती.

असं होता होता माघ आला. गिरजेच्या टाचांना भेगा पडून रक्त यायचं. म्हादबाच्या गालातलं पांढरं तेवढंच होतं. तात्या म्हणाले, "थांबलंय, पण ते किती दिवस थांबेल सांगता येत नाही. तंबाखूचं काय ते बघा." गिरजेने मग शेवटचा उपाय काढला. नदीपलीकडे संगम होता. माघात तिथे स्नान करून, हातावर पाणी घेऊन माणसं आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडत. कुणी वांगं सोडी, कुणी गूळ. तिथे सोडलेली गोष्ट जन्मात परत धरायची नाही, अशी रीत. देवाच्या साक्षीने सोडली तर सुटेल, असं गिरजेला वाटलं. बारा जागी ठेच खाऊनही तिची आशा काही जात नव्हती.

होडीत बसून दोघं पलीकडे गेली. गिरजा बायकांच्या घाटावर स्नानाला गेली. जाताना म्हणाली, "गुरुजी विचारतील तसं सांगा. आवडती वस्तू सोडायची. विसरायचं नाही."

"नाही विसरणार," म्हादबा उपरणं चाचपत म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या हातावर पाणी घातलं. आजूबाजूला चारचौघं होते. "बोला, सगळ्यात आवडती वस्तू कोणती?"

म्हादबाने दुसरी गाठ चाचपली. "बायको."

गुरुजी थबकले. "नीट विचार केलात ना?"

"केला. गिरजा तिचं नाव. सोडली." आणि पाणी सोडलं.

गिरजा केस पुसत वर आली, तर म्हादबा नाही. गुरुजी पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "बाई, धन्य तुमचे यजमान! मला वाटलं संन्यास घेतायत. मी पाया पडलो त्यांच्या."

गिरजा धावत धक्क्यावर गेली. होडी निघाली होती. होडीत सगळ्यांची तोंडं घाटाकडे, एका म्हादबाची पाठ.

"अहो! मी राहिले! अहो!"

"पाहुणं, तुमचं माणूस हाका मारतंय," नावाडी म्हणाला.

"म्हणून तर बघत नाही," म्हादबा म्हणाला. "बघायचं नसतं." दुःख आवरेना, म्हणून त्याने चंची काढून मोठा बार भरला.

गिरजा पुढच्या होडीने आली. अनवाणी, काट्याकुट्यातून घरापर्यंत चालत आली. बघते तर दार आतून बंद. तिने कडी वाजवली.

"कोण?"

"मी, गिरजा. दार उघडा."

"गिरजा संगमावर सोडली."

"अहो, मीच ती!"

"तीच असशील तर मुळीच घेता येणार नाही. ठेवून आलेलं पुन्हा घरात घ्यायचं नाही. आत्याच्या वेळी तूच सांगितलंस."

आळी गोळा झाली. पोरं कुंपणावर चढली. शेजारची सोनाकाकू तोंडाला पदर लावून हसत होती. गिरजेला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि मग बाई शांत झाली. इतकी वर्षं दगडासमोर हात जोडून बसायची सवय होती. ती उंबऱ्याशी बसली.

"बरं. नाही येत मी आत. पण मला सांगा, बायको तर सोडलीत. आता सगळ्यात जास्त आवडतं असं घरात काय उरलं?"

म्हादबा विचार करत होता. त्याला वेळ लागायचाच.

"तंबाखू," आतून आवाज आला.

"मग रीत काय आहे?"

आत हंड्याचं झाकण वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज झाला. "सोडली," म्हादबा म्हणाला. दार किलकिलं झालं आणि चंची अंगणात येऊन पडली, मागोमाग चुन्याची डबी. गिरजेने चंची उचलून सोनाकाकूच्या बंबात घातली. उभी आळी शिंकली. गिरजेने महादेवाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. सुटली बाई! एवढ्या पायपिटीचं सार्थक झालं.

"आता उघडा हो दार!"

"थांब," म्हादबा म्हणाला. "तंबाखू गेली. आता सगळ्यात आवडतं काय ते बघतो."

"अहो, पुरे! एवढंच हवं होतं!"

पण म्हादबा एकदा सुरू झाला की थांबणारा नव्हता. पाण्याचा आवाज आला आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बाहेर आला. पोरांनी तो झेलला. मग झोपायची वाकळ आली. मग उशी. मग तो स्वतः आला. त्याने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि तरातरा आडाकडे गेला. बुडुक असा आवाज झाला.

मागे वळून न बघता तो गिरजेजवळ येऊन बसला. तोंडावर मोठं समाधान होतं.

"घरच तेवढं आवडतं राहिलं होतं. तेही सोडलं. आता तू आत आलीस काय आणि बाहेर बसलीस काय, प्रश्नच मिटला."

लोहार बाजाराला गेला होता, उद्याशिवाय यायचा नव्हता. सोनाकाकूने दोघांना आपल्या ओसरीवर जागा दिली. डोळे पुसत ती म्हणाली, "काही म्हण गिरजे, तंबाखू सुटली हो. तुझा नेम फळाला आला. घाल आता पायात वहाणा."

गिरजेने आपल्या रक्ताळलेल्या टाचांकडे बघितलं. मग कुलपाकडे बघितलं. वहाणा आत कोनाड्यात, फडक्यात गुंडाळून जपून ठेवलेल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "असं करतात होय?"

"मग कसं करतात?" म्हादबाने विचारलं, आणि पाचवी गाठ मारायला उपरण्याचं टोक हातात घेतलं.

म्हादबाची तंबाखू सुटली, तशी घरोघरच्या धन्यांची सुटो. गाल बरे होवोत, आयुष्य वाढो. किल्ली मात्र बाईच्या कमरेला राहो.