चोचीतला काटा

फार जुनी गोष्ट, बाभळीला नुकते काटे फुटले होते तेव्हाची. ओढ्यावर वाकलेल्या फांदीवर सुगरणबाई पिलांना घरटं विणायला शिकवायच्या. एकदा शेजारच्या झाडावरचं पिलू सापाने गिळलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली.

कावळेपाटील लांब काटा घेऊन आले. "बाई, आजपासून हा चोचीत धरायचा. साप आला की खुपसायचा."

"आणि शिकवू कशाने, तुमच्या शेपटीने?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

बाईंनी काटा धरला. आता काडी उचलता येईना, चुकलेल्याला सांगता येईना. त्या जवळ गेल्या की पिलं अंग चोरायची.

एका दुपारी साप फांदीवर सरकताना दिसला. पिलं पाठमोरी विणत बसलेली. चोचीत काटा ठेवून हाक कशी मारणार? बाईंनी काटा थुंकला आणि जीव खाऊन ओरडल्या. पिलं भुर्रकन उडाली. सगळं रान धावून आलं आणि टोचून टोचून सापाला ओढ्यात पाडलं.

"काटा कुठंय?" पाटील गुरकावले.

"गेला ओढ्यात. एवढी काळजी आहे, तर तुम्ही बसा फांदीच्या बुडाशी पहाऱ्याला. माझी चोच मला लागते."

पाटील कुरकुरत का होईना, बसले. वर एक पिलू काडी घेऊन बाईंच्या अगदी चोचीला येऊन टेकलं.

"अरे गाढवा, खालून घे," बाई म्हणाल्या.