शेपटीचा शेंडा

सगळा घोळ रोखेनानांनी घातला. फार जुनी गोष्ट. एका तळ्यातल्या बेडूकमाशाच्या शेपटीत, अगदी शेंड्याच्या पेशीत, रोखेनाना नावाचं एक प्रथिन राहायचं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर. त्याची पातळ भिंत सांभाळणं हे नानांचं काम. छिद्या नावाच्या तरण्या प्रथिनाला त्या भिंतीला भोकं पाडता यायची आणि भोकं पडली की पेशी मरायची, म्हणून नाना त्याला मिठीत दाबून ठेवायचे.

एके दिवशी शेपटीभर निरोप आला, ‘आता बेडूक व्हायचंय, शेपूट विरघळवा.’ शेजारच्या पेशींतल्या राखणदारांनी लगेच मिठ्या सोडल्या. भिंतींना भोकं पडली, पेशी गुपचूप विरघळल्या आणि त्यांच्या मालमसाल्यातून बेडकाचे पाय भरू लागले.

“नाना, सोडा आता,” छिद्या म्हणाला. “तळं आटतंय. बेडकाला उड्या मारायच्यात.”

“गप रे! मी होतो म्हणून ही भिंत टिकली. तुम्हाला नुसती मोडतोड हवी.”

“तुम्ही शेपूट जपताय नाना, बेडूक नाही.”

“मला शिकवतोस?” नानांनी मिठी आणखी आवळली. उत्तर सुचलं नाही की थोरली मंडळी असंच करतात.

बेडूक मजेत काठावर आला, मागे तेवढा शेंडा लोंबत होता. काठावरच्या एका खेकड्याने नेमका तोच पकडला. बेडकाने हिसका दिला, शेंडा तुटला आणि गडी डरांव डरांव करत गवतात पसार झाला.

रोखेनानांना खेकड्याने खाल्लं, भिंतीसकट आणि मिठीतल्या छिद्यासकट.