टोपली भरणारा शिंपी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते नक्की सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा लहानांनीही विचारू नये आणि मोठ्यांनीही.

एका टेकडीवर एक गाव होतं आणि त्या गावाला हुतूतूचं भारी वेड होतं. जत्रेत आपला संघ हरला की त्या दिवशी घरोघरी ताटं तशीच राहायची. संघाचा एक कारभारी असे. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं हे तो ठरवी. त्या मुलखात गावं आपापले गडी बदलूनही घेत. इकडचा गडी तिकडे राहायला जाई, तिकडचा इकडे येई. ही अदलाबदलही कारभाऱ्याच्याच शब्दावर होई.

कारभारी नकोसा झाला तर त्याचीही रीत होती. पारावर एक टोपली ठेवलेली असे. ज्याची तक्रार असेल त्याने तिच्यात एक सुपारी टाकायची. टोपली काठोकाठ भरली की कारभारी उतरला. मात्र ज्याच्या सुपारीने ती भरली, त्यानेच पुढचा कारभार बघायचा. त्यामुळे टोपली निम्मी होईपर्यंत रांग लागायची आणि काठाजवळ आली की सगळ्यांना घरची कामं आठवायची.

या गावाचा एक लाडका गडी होता. चढाईला गेला की तिघांना बाद करूनच परते. त्याच्यावर गावाचा फार जीव होता. आणि एका वर्षी कारभाऱ्याने त्यालाच घाटापलीकडच्या दूरच्या गावाला देऊन टाकलं. बदल्यात आणले दोन कच्चे गडी. एक बांबूसारखा उंच, स्वतःच्याच पायात अडखळणारा. दुसरा इतका लाजाळू की चढाईला गेला की ‘हुतूतू’ म्हणायचंच विसरे.

पारावर नुसता गदारोळ उठला.

“सोनं देऊन पितळ आणलं,” गावचा शिंपी म्हणाला. साऱ्या गावात त्याचाच आवाज मोठा.

“तरुण आहेत हो, तयार होतील तीन वर्षांत,” कुंभारीण म्हणाली.

“तीन वर्षांत माझे उरलेले दातही जातील,” एक म्हातारबाबा म्हणाले.

सगळ्यांनी कारभाऱ्याला कारण विचारलं. तो म्हणाला, “थोडं थांबा.” एवढंच.

पहिल्या वर्षी संघ हरला. दुसऱ्या वर्षी तर असा हरला की बघणारे सामना अर्धा टाकून घरी आले. टोपली काठापर्यंत आली. रागाच्या भरात शिंप्याने खिशातली सुपारी काढली आणि टाकली. टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता जागा उरलेली नाही.

कारभाऱ्याने आपला फेटा उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवला. “सांभाळा,” तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी शिंपी घाट ओलांडून त्या दूरच्या गावाला निघाला. दोघा कच्च्या गड्यांना परत पाठवायचं आणि आपला लाडका गडी घरी आणायचा, हे त्याने पक्कं केलं होतं.

तो गडी मैदानाच्या कडेला बाजेवर बसून वीसएक पोरांना पकड शिकवत होता. शिंप्याला बघून तो काठी टेकत उठला. त्याचा उजवा पाय वाकतच नव्हता.

“गुडघा गेला, मामा,” तो म्हणाला. “वैद्याने सांगितलं, आता खेळणं संपलं. या गावाला ते माहीत होतं. त्यांच्याकडे पोरं ढीगभर, शिकवणारा कुणी नव्हता. कारभाऱ्यांना मीच शपथ घातली की गावात बोलू नका. गावाने मला धावताना बघितलंय, तेच त्यांच्या डोळ्यांत राहू दे. आता तुम्हीही सांगू नका.”

“मग लोक मला शिव्या देतील,” शिंपी म्हणाला.

“देतील. कारभाऱ्यांनी दोन वर्षं खाल्ल्या.”

शिंप्याला रडू आलं. गड्यासाठी आलं की कारभाऱ्यासाठी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तो रिकाम्या हाताने परतला. “आमचा गडी कुठाय?” सगळ्यांनी विचारलं. “थोडं थांबा,” शिंपी म्हणाला. लोक असे भडकले की नव्या टोपलीत पहिली सुपारी खुद्द त्याच्या बायकोनेच टाकली.

एकट्याच बसलेल्या शिंप्याशेजारी जुना कारभारी येऊन टेकला.

“घाट चढताना दम लागला का?”

“लागला.”

“उतरताना जास्त लागला असेल.”

शिंप्याने मान हलवली. “आता काय करू?”

“पोरांना रोज खेळवा. बाकीचं ऐकून घ्या.”

शिंप्याने तसंच केलं. वर्षभर कपडे कमी शिवले आणि बोलणी जास्त खाल्ली. पण बांबूला पाय रोवायला शिकवलं आणि लाजाळूला दम धरायला.

तिसऱ्या वर्षी जत्रेत बांबूने समोरच्या संघाचे चार गडी पकडले. लाजाळूचा ‘हुतूतू’ तर पार मिठाईवाल्यांपर्यंत ऐकू गेला. टेकडीवरचं गाव जिंकलं.

“आम्ही म्हणतच होतो,” सगळे म्हणू लागले. त्यांनी शिंप्याला खांद्यावर घेतलं. तो धडपडत खाली उतरला, गर्दीत मागे उभ्या असलेल्या जुन्या कारभाऱ्यापाशी गेला आणि सर्वांदेखत त्याच्या पाया पडला.

“या दोघांना यांनी आणलं,” तो म्हणाला. “मी फक्त परत पाठवलं नाही. तेवढंच करताना माझं वजन निम्मं झालं. यांनी दोन वर्षं कसं सोसलं असेल?”

मग कुंभारीण पुढे आली, म्हातारबाबा आले, आणि एकेक करत सारं गाव कारभाऱ्याला नमस्कार करू लागलं.

“असू दे, असू दे,” तो हसत म्हणाला. “तुम्ही भांडत होतात, म्हणजे तुमचा जीव संघात होता. भांडणारं कुणी नसतं, तर मी खेळवलं असतं कुणासाठी?”

तात्पर्य : दुसऱ्याच्या निर्णयाला बोल लावण्याआधी त्याला वेळ द्यावा, कारण त्यामागचं कारण कधी कधी त्याला सांगता येण्याजोगं नसतं.