पोटाखालचा आवाज

एकदा एका शहरात फरशीच्या एका व्यापाऱ्यानं अशी गाडी घेतली, की तिच्यात बसायचं तर माणसाला आधी उकिडवं व्हावं लागे. दोघांपुरती जागा, रंग लालभडक, आणि जमिनीपासून पोट अवघं चार बोटं वर. ज्या शहरात दर शंभर पावलांवर गतिरोधक आणि दोन गतिरोधकांच्या मधे एक खड्डा, तिथं असली गाडी बाळगणं म्हणजे जरीचं धोतर नेसून भाताच्या चिखलणीला जाणं. पण शेठला कोण सांगणार? हौस त्याची होती. भीती मात्र ड्रायव्हरच्या वाट्याला आली.

ड्रायव्हरचं नाव सयाजी. एका म्हाताऱ्या वस्तादाकडं तो गाडी शिकला होता. वस्तादानं उभा जन्म घाटात ट्रक हाकले, आणि गुडघे गेल्यावर माणसं तयार करायला घेतली. शिकायला येईल त्याला तो एकच प्रश्न विचारी, "भीती वाटते का?" सयाजीनं पहिल्या दिवशी छाती काढून "नाही" म्हटलं, तर वस्तादानं त्याला तसाच घरी पाठवला. आठ दिवसांनी तो खाली मान घालून परत आला. म्हणाला, "वाटते." वस्ताद म्हणाला, "मग बस."

त्यानंतर बारा वर्षं सयाजीनं घाटाघाटांतून गाडी चालवली. त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नाही.

पण ह्या लाल गाडीमुळं त्याला अन्न गोड लागेना. शेठच्या इमारतीत गाड्या तळघरात लागत. तिथून वर येणारा रॅम्प इतका उभा, की रिकाम्या हातानं चढताना धाप लागावी. दोन्ही बाजूंना भिंती. चढू लागलं की गाडीचं नाक आभाळाकडं होई, आणि खाली रुतून बसलेल्या माणसाला रस्ता दिसेनासा होई. दिसे फक्त छत आणि एक मिणमिणती ट्यूबलाइट. आणि चढ संपून सपाटी लागते त्या टोकाला गाडीचं पोट टेकायचं. खर्रर्र!

तो आवाज सयाजीच्या दातांत जाऊन बसला होता. ताटातली भाकरी मोडतानाही त्याला तो ऐकू येई. गाडी तिरकी घातली तर एकेक चाक चढतं आणि पोट वाचतं, हे त्याला ठाऊक होतं. पण रॅम्प अरुंद, आणि शेजारी बसलेले शेठ टोक जवळ आलं की ओरडायचे, "हळू! अरे, हळू! घासली बघ!" मग हात घामेजायचे, आणि व्हायचं तेच व्हायचं.

तिसऱ्यांदा घासली तेव्हा शेठनं गाडीतून उतरून थंड आवाजात सांगितलं, "सयाजी, आता पुन्हा हा आवाज आला, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरची वाट धरायची. मी ओरडणारसुद्धा नाही."

दुसऱ्याच दिवशी सकाळी सयाजी एकटा गाडी वर काढत होता. टोकाला आला. पोटाखाली नुसतं कुजबुजल्यासारखं झालं. त्याच्या काळजाचं पाणी झालं. काही न बघता त्यानं उलटा गिअर टाकला आणि गाडी मागं सोडली. काड्कन काहीतरी फुटलं. ब्रेक लावून तो खाली उतरला, आणि पहिल्यांदा ओणवा होऊन गाडीच्या पोटाखाली बघितलं. ओरखडा नव्हता. त्यानं सुटकेचा श्वास सोडला. मग त्याची नजर मागं गेली.

मागच्या चाकाखाली रॅम्प झाडणाऱ्या हौसाबाईची बादली चपटी झाली होती. हौसाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या पोटात आणि गाडीत वीतभर अंतर होतं.

संध्याकाळी सयाजीनं तिला नवी हिरवी बादली आणून दिली. 'बादलीच तर होती,' असं त्यानं मनाला सांगितलं. मनानं ते ऐकून घेतलं. मानलं नाही.

परवावर दसरा आला होता. दसऱ्याला शेठ गाडीची पूजा करून भर बाजारपेठेतून मिरवणार होते. सयाजी वस्तादाकडं गेला. वस्ताद ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता.

"वस्ताद, माझी नोकरी जातीय."

"दारू प्यायलास?"

"नाही हो. गाडी घासते."

"कुठं?"

सयाजीनं सगळं सांगितलं. गाडीचं पोट, रॅम्पचं टोक, शेठचा दम. एक गोष्ट सोडून सगळं. वस्तादानं तेलाची वाटी बाजूला सारली.

"टोकावर घाबरून कधी मागं सोडलीस का?"

"एकदा."

"मागं कोण होतं?"

"कुणी नाही," सयाजी म्हणाला.

वस्तादानं त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. "उद्या येतो," म्हणाला. "शेठला सांग, म्हातारा गाडी कशी काढायची ते दाखवणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद काठी टेकत तळघरात उतरला. शेठ हजर होते. पहारेकरीही खुर्ची सोडून आला. वस्तादानं गाडीकडं ढुंकून पाहिलं नाही. तो रॅम्पवर पाणी मारणाऱ्या हौसाबाईपाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, झाडू तुमचा झिजून वीतभर राहिलाय. बादली बरी नवीकोरी?"

हौसाबाईनं सयाजीकडं बघितलं आणि मान खाली घातली. "जुनी फुटली, बाबा."

"कशानं?"

"फुटली आपली."

वस्ताद "बरं" म्हणाला. सयाजीला वाटलं, म्हाताऱ्यानं आता सगळ्यांसमोर विचारावं आणि एकदाचं सुटावं. पण म्हाताऱ्यानं विचारलं नाही. हाशहुश करत, गुडघ्यांना शिव्या घालत तो गाडीत शिरला.

"ह्यात माणसानं बसायचं का निजायचं, शेठ?"

शेठ हसले. "वस्ताद, जपून. तुमच्या भरवशावर आहे."

"तुम्ही वर टोकाला जाऊन उभे राहा. तिघंही जा."

गाडी गुरगुरली. ते गुरगुरणं भिंतींवर आपटून असं वाढलं, की सगळ्यांच्याच छातीत घुमलं. सयाजी वर उभा राहून बघत होता. ज्यानं ऊस भरलेला ट्रक घाटाच्या वळणावर एका हातानं वळवला, तो ही खेळण्याएवढी गाडी अलगद तिरकी करून वर काढणार, ह्यात त्याला शंका नव्हती. गाडी अर्ध्यात आली. पाऊण रॅम्प चढली. आता तिरकी करील, आता करील. वस्तादानं चाक तसूभर वळवलं नाही. नाकासमोर सरळ गाडी आणली आणि टोकावर चढवली.

खर्रर्रर्र!

तिन्ही वेळचे आवाज एकत्र केले तरी एवढा झाला नसता. शेठच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. वस्तादानं गाडी तिथंच थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरून भिंतीला टेकून उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही. शेठ पांढऱ्या सदऱ्यानिशी जमिनीवर पालथे पडले. पहारेकऱ्यानं बॅटरी आणली. सयाजी गुडघ्यांवर रांगत दुसऱ्या बाजूनं आत डोकावला.

"केवढा आहे?" शेठनं खालूनच विचारलं.

"पुढून आहे. वीतभर," सयाजी म्हणाला.

"तेल गळतंय का?"

"नाही. नुसता खालचा पत्रा घासलाय."

"सापडलं का जे शोधताय ते?" वरून वस्तादाचा आवाज आला.

शेठ ताडकन उठले. सदऱ्यावर काळा पट्टा उठला होता. "वस्ताद, म्हातारपणी डोकं फिरलं का? शिकवायला आलात का माझी गाडी फाडायला?"

"फाडली नाही, शेठ. तो पत्रा घासायसाठीच असतो. तुम्ही मला नंतर पोटभर बोला, मी कुठं पळत नाही, गुडघेच नाहीत. आधी मला एवढं सांगा, मी गाडी वर आणली तेव्हा मागं कोण होतं?"

कुणाला माहीतच नव्हतं.

"तू सांग, सयाजी."

सयाजीनं मागं वळून बघितलं.

रॅम्पच्या मधोमध एक चप्पल उलटी पडली होती. हिरवी बादली लवंडून पाणी खाली वाहत होतं. गाडी पुढं गेल्यावर हौसाबाई उरलेला रॅम्प धुवायला मागं आली होती. ती भिंतीला पाठ लावून, डोळे घट्ट मिटून उभी होती. गाडी बंद होऊन इतका वेळ झाला होता, तरी तिनं डोळे उघडले नव्हते. दोन्ही तळवे तिनं भिंतीवर असे दाबले होते, जणू भिंत मागं सरकली तर बरं.

आत्ताच्या आत्ता, दुसऱ्यांदा, सयाजी गाडीच्या पोटाखाली बघत होता आणि ही बाई इथं उभी होती.

वस्ताद बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मला दोन गोष्टी बघायच्या होत्या. आवाज झाला की तुम्ही कुणीकडं धावता, आणि ही बाई कुणीकडं धावते. तुम्ही तिघं पत्र्याकडं धावलात. ती भिंतीकडं धावली. मी मागं सोडणारच नव्हतो, पण तिला ते कुठं माहीत? तिला एवढंच माहीत, की आवाज झाला की गाडी मागं येते. सयाजी, पहिल्या दिवशी भीती नाही म्हणालास म्हणून मी तुला हाकलला. भीती घरी ठेवून ये, असं मी कधी सांगितलं नाही. गाडी चालवणाऱ्याला भीती पाहिजेच. पण ती जागच्या जागी पाहिजे. घाटात तुझी भीती माणसापाशी असायची. कुणाचं ढोर आडवं येईल, कुणाचं लेकरू वळणावर असेल. इथं ती तिथून उठली आणि पत्र्यापाशी जाऊन बसली. आणि भीती जिथं बसते, डोळे तिथंच जातात. डोळे जातात तिथला माणूस वाचतो. बाकीचा मरतो. तुझं नशीब, की त्या दिवशी बादलीच मेली."

शेठनं सयाजीकडं बघितलं. "कुठल्या दिवशी?"

तिथं सयाजीला खोटं बोलायला अजून जागा होती. बाई बोलली नसती. म्हातारासुद्धा कदाचित बोलला नसता. "शेठ," तो म्हणाला, "परवा मी गाडी न बघता मागं सोडली. मावशी वीतभरानं वाचल्या. आणि मी आधी ओरखडा बघितला." त्यानं खिशातून किल्ली काढून पुढं धरली. "हे घ्या. टेबल इथं नाही."

शेठनं किल्लीकडं बघितलं, मग उलट्या चपलेकडं. शेजारी बसून "हळू, घासली" म्हणून ओरडणारा माणूस कोण होता, हे त्यांना आठवलं असावं. ते रॅम्प उतरून गेले, ती चप्पल उचलली आणि हौसाबाईच्या पायांपाशी ठेवली. तिनं डोळे उघडले आणि शेठला वाकलेलं बघून ती जास्तच घाबरली.

"अवो, राहू द्या, शेठ!"

वर येऊन शेठनं किल्ली घेतली नाही. "मी काय करू ते सांग," ते म्हणाले.

मालकाला काम सांगायची सयाजीची ही पहिलीच वेळ. "तुम्ही गाडीत बसू नका. वर टोकाला उभं राहायचं. खाली-वर दोन्हीकडं बघायचं. कुणी असलं तर हात वर करायचा."

"आणि घासली तर?"

"घासली तर घासली."

वस्ताद काठी उचलून घराकडं चालू लागला. जाताना एवढंच म्हणाला, "तिरकी घाल रे. मुद्दाम कशाला घासायची?"

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूची माळ चढली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सयाजी आत बसण्याआधी गाडीच्या मागं फिरून आला, आणि हौसाबाईला म्हणाला, "मावशी, आधी तुम्ही वर जा. मी थांबतो." मग तो गाडीत बसला आणि इंजिन चालू केलं. गाडी गुरगुरली. त्याच्या तळहाताला घाम होता. भीती कुठं गेली नव्हती. फक्त तिची नजर आता हौसाबाईच्या पाठीवर होती.

हो, पाठीवर. हौसाबाई एका हातात झाडू, एका हातात हिरवी बादली घेऊन रॅम्पच्या मधोमध चढत होती. गुडघे दुखत असावेत, दर चार पावलांना थांबत होती. मागं एवढं धूड गुरगुरत होतं, तरी ती भिंतीकडं सरकली नाही, आणि तिनं एकदाही वळून बघितलं नाही. वर शेठ हात उंच धरून उभे होते. ती टोकावर पोचेपर्यंत सयाजीनं ब्रेकवरचा पाय हलवला नाही.

आपलं वाहन केवढ्याचं का असेना, समोरच्याला आपल्याकडं पाठ करून चालता आलं पाहिजे.